कोजागिरीचा चौथा सड

केरबा पोवार आणि विद्याश्री यांची पहिली भेट ज्या संध्याकाळी झाली, त्या संध्याकाळी गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावरून असा काही आवाज उठला की पंचगंगेत पोहणारी माणसं अंग न पुसताच घाट चढली, देवळाच्या शिखरावरची कबुतरं उडाली ती थेट जोतिबाच्या डोंगरावर जाऊन बसली, आणि उलट्या बाजूनं निघालेला एक बुलेटवाला गाडी वळवून चक्क आपल्या बाजूनं जाऊ लागला. कोल्हापुरात बुलेटवाला आपल्या बाजूनं गेला, यावरून आवाजाची कल्पना यावी.

आवाज केरबाचा होता. तो हरणीच्या पोटाशी उकिडवा बसला होता. हरणी ही म्हैस. नाव ठेवलं तेव्हा ती लहान होती. आता तिच्या पलीकडे कुणी मोटार लावली तर मालकाला ती शोधावी लागेल. केरबाच्या गुडघ्यांत रिकामी चरवी आणि तोंडात शिव्यांची सरबत्ती. "मुडद्या, नालायका, खुन्या, कुठल्या तोंडानं आलास रे हितं? तुझ्या हातात किडं पडलं तरी कमीच."

कट्ट्याचा रिवाज असा, की संध्याकाळी गवळी आपापल्या म्हशी घेऊन रस्त्याकडेला उभे राहतात आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर, त्याच्याच पेल्यात धार काढून देतात. फेसासकट तो पेला तिथंच तोंडाला लावायचा आणि मिशी असो वा नसो, पांढरी करून घरी जायचं. विद्याश्री त्याच कामाला पेला घेऊन आली होती. जयसिंगपूरच्या व्यापारी घरातली ही मुलगी, तिशीची, बोलायला सडेतोड. समोरचा प्रकार बघून तिला राहवलं नाही.

"ओ मामा, मुक्या जनावराला असं बोलत्यात व्हय?"

केरबानं म्हशीच्या पोटाखालून मान काढली. "म्हशीला कोण बोलतंय? ती गरीब हाय. मी मला बोलतोय."

"तुम्हाला स्वतःला?"

"मग? हितं दुसरा कोण नालायक दिसतोय तुमास्नी?"

शेजारच्या म्हशीचा मालक उदयसिंह तंबाखू मळत म्हणाला, "त्याचं रोजचंच हाय, ताई. भजन समजायचं. तुम्ही पेला इकडं आणा."

पेला इकडे न्यायच्या आधी विद्याश्रीनं पर्समधून एक कार्ड काढून केरबाच्या ओल्या हातात ठेवलं. ती मनाच्या तक्रारींवर सल्ला देणारी समुपदेशक होती. केरबानं कार्ड वाचलं, उलटं करून वाचलं, आणि विचारलं, "म्हणजे मला याड लागलंय व्हय?"

"न्हाय. पण तुम्ही स्वतःला जे बोलताय ते दुसरं कुणी तुम्हाला बोललं असतं, तर तुम्ही काय केलं असतं?"

"तंगडं मोडलं असतं."

"मग मंगळवारी या," विद्याश्री म्हणाली आणि उदयसिंहकडे वळली.

आता केरबावर ही वेळ का आली ते सांगायला हवं. म्हशीला चार सड. पोवारांच्या गोठ्यात तीन माणसांचे आणि चौथा रेडकाचा, असा कायदा होता. कायदा केला होता केरबाच्या धोंडुआत्तीनं. ही त्याच्या वडलांची बहीण. आईविना वाढलेल्या केरबाला तिनं वाढवलं, म्हणजे उंबऱ्यावर बसून दिवसभर फैलावर घेतलं. केरबा उठला की "उठला बघा ऐतखाऊ," बसला की "बसला बघा," आणि शाळेत पहिला आला तेव्हा "बाकीची पोरं काय मेलती व्हय?" आत्ती जाऊन बरीच वर्षं झाली, पण चौथ्या सडाचा कायदा केरबानं मोडला नव्हता. हरणी कट्ट्यावरून घरी यायची ती चौथा सड भरलेला घेऊन, आणि रेडकू दावं तोडून तिच्याकडे धावायचं.

मग कोजागिरी आली. त्या दिवशी कोल्हापुरात प्रत्येक गच्चीवर दूध आटत असतं आणि ज्यांच्या गच्चीवर आटत नसतं ते दूध शोधत फिरत असतात. कट्ट्यावर रांग लागली. हरणीचे तिन्ही सड रिकामे झाले, तो उठला, तेवढ्यात बँकेतला विश्वजित किटली हलवत आला. "केरबा, लेका, पावणं आल्यात घरी. निदान किटलीचं बूड झाकेल एवढं तरी दे." नाही म्हणायची सवय केरबाला नव्हती. तो परत बसला आणि त्याचा हात चौथ्या सडाला गेला.

घरी गेल्यावर रेडकू धावलं. तोंड लावलं. ढुशी दिली, पुन्हा दिली, मग चारही सड एकेक करून चोखून बघितले आणि मान वर करून केरबाकडे पाहिलं. आठवड्याभरात त्याला हगवण लागली आणि ते गेलं.

तेव्हापासून हरणी केरबाच्या हाताखाली पान्हा चोरू लागली. सकाळी घरी केरबाची बायको आक्काताई बसली की ही बया सगळं दूध सोडायची, आणि संध्याकाळी कट्ट्यावर केरबा बसला की दगड. केरबाच्या मते हरणीला सगळं कळलं होतं. कट्ट्यावरच्या त्या जागेवर त्याच्या वडलांच्या म्हशी उभ्या राहिलेल्या. तिथं रिकामी चरवी घेऊन बसायचं, गिऱ्हाइकानं थोडा वेळ थांबायचं आणि मग खाकरून पुढच्या म्हशीकडे जायचं, असं चाललं होतं. गिऱ्हाइकं तुटली की जागा जाणार, हे न बोलता सगळ्यांना ठाऊक होतं. उदयसिंहनं तर आपली दुसरी म्हैस तिथं किती ऐसपैस उभी राहील ते नजरेनं मापून ठेवलं होतं.

आक्काताई म्हणाली होती, "मी येते की कट्ट्यावर. मी काढते धार."

"आणि मी काय करू? म्हशीची शेपटी धरून उभा राहू?"

"आता तरी दुसरं काय करताय," आक्काताई म्हणाली. तिचा स्वभाव प्रेमळ होता, पण कोल्हापूरचा.

तर मंगळवारी केरबा गेला. विद्याश्रीची खोली एका मसाल्याच्या डंकाच्या वर होती. म्हणजे खाली लोखंडी मुसळं मिरच्या कुटत होती आणि वर माणसं मनःशांती शोधत होती. पहिल्याच भेटीत विद्याश्रीनं डोळे मिटायला सांगितलं आणि म्हणाली, "आता फक्त श्वासाकडं लक्ष द्या. आत जाताना कसा वाटतो, बाहेर येताना कसा वाटतो."

केरबानं भरून श्वास घेतला. त्याच क्षणी खाली कुणाची तरी वर्षभराची मिरची डंकात पडली होती. तो एवढा शिंकला की टेबलावरच्या फुलदाणीतला कागदी गुलाब आडवा झाला. विद्याश्रीही शिंकली. दोघांनी डोळे पुसले.

"कसा वाटला?" तिनं विचारलं.

"झणझणीत," केरबा म्हणाला.

दुसऱ्या खेपेस मिरची नव्हती, धने होते; तेव्हा त्याला झोप लागली. विद्याश्रीनं त्याला घोरू दिलं आणि उठवून सांगितलं की ही झोप झाली, सावधपण वेगळं. मन भटकलं तर भटकलं म्हणायचं आणि हाताला धरून परत आणायचं, मारायचं नाही.

"माझं मन कुठं भटकत न्हाय," केरबा म्हणाला. "ते कोजागिरीपासनं एकाच जागी बसून हाय."

मग त्यानं सगळं सांगितलं. सांगताना तो खिडकीकडे बघत होता. विद्याश्रीनं "तुमची काही चूक नाही" असं म्हटलं असतं तर तो उठून गेला असता. त्यानं चप्पलही पायात सरकवून ठेवली होती. ती तसं म्हणाली नाही.

"डोक्यात हे कोण बोलतंय? आवाज कुणाचा हाय?" तिनं विचारलं.

केरबानं कान दिला. आपल्याच डोक्याला कान द्यायचं काम सोपं नसतं, पण आवाज ओळखीचा निघाला. उंबरा, पाय पसरलेले, ओटीत शेंगा. "आता गं बया," तो म्हणाला, "ही तर आमची धोंडुआत्ती."

"झालं तर. ती आली की ओळखायचं. आत्ती आली, असं म्हणायचं मनात. भांडायचं न्हाय, हाकलायचं न्हाय. बसू द्यायचं. पण ती म्हणती म्हणून लगेच खरं मानायचं न्हाय. आणि तिच्याऐवजी स्वतःशी मित्रासारखं बोलायचं."

इथं मात्र शास्त्र आणि कोल्हापूर यांची टक्कर झाली. केरबा प्रामाणिकपणे गोंधळला. "मित्रासारखं? म्याडम, मित्राला तर मी ह्याच्यापेक्षा वंगाळ बोलतो. काल उदयसिंहला जे बोललो ते मला स्वतःला बोलायची छाती न्हाय."

विद्याश्री विचारात पडली. बायकोशी कसं बोलता, हे विचारण्यात अर्थ नव्हता. ते त्याच्या सांगण्यात ऐकायला आलंच होतं. शेवटी तिनं विचारलं, "हरणीशी कसं बोलता?"

केरबाचा चेहरा बदलला. आवाज खाली आला, तो त्याच्या घशात कुठं होता कुणास ठाऊक. "तिच्याशी? ये बाई. ये माझी आई. उभी ऱ्हा. हो, हो. दमलीस व्हय गं. असं."

"बास," विद्याश्री म्हणाली. "उद्यापासनं केरबाशी असंच बोलायचं."

दुसऱ्या दिवशी आक्काताई चहा घेऊन आली, तर नवरा दाढीच्या आरशासमोर उभा राहून स्वतःच्या मानेवर हात फिरवत होता आणि म्हणत होता, "ये बाबा. ये. उभा ऱ्हा. हो, हो. दमलास व्हय रं." आक्काताईनं चहा खाली ठेवला, आवाज न करता मागं सरकली आणि औद्योगिक वसाहतीत कामावर गेलेल्या आदर्शला, म्हणजे मुलाला, फोन लावला. "बाबा स्वतःला पेंड घालायच्या बेतात हाईत," ती म्हणाली, "जमलं तर लवकर ये."

थट्टा करायला हे सगळं बरं आहे, पण केरबाला ते जड जात होतं. गोड बोलायला लागलं की आत्ती दुप्पट आवाजात यायची. रेडकू मारलंस आणि आता स्वतःला गोंजारतोस, असं म्हणायची. रिकामं दावं खुंटीला तसंच होतं, ते काढायला त्याचा हात होत नव्हता. आक्काताईनं काढलं तर त्यानं पुन्हा अडकवलं.

विद्याश्रीनं मग दुसरी वाट काढली. "तुम्ही म्हणता रेडकू तुम्ही मारलं. कशावरनं? गुरांच्या डॉक्टरांना विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात."

"विचारून या. आत्तीचं म्हणणं एका बाजूला, डॉक्टरांचं एका बाजूला. मग ठरवू."

गुरांचे डॉक्टर प्रभुलिंग हे एका बैलाच्या जबड्यात कोपरापर्यंत हात घालून उभे होते. केरबानं विचारायला तोंड उघडेपर्यंत बैलानं तोंड मिटायचा प्रयत्न केला, त्यामुळे उत्तर घाईत मिळालं.

"एका वेळच्या दुधानं रेडकू मरतंय व्हय? मग सगळ्या जिल्ह्यात एक रेडकू जगलं नसतं. जंत झालते त्याला. पोट बघितलं न्हाईस कसं फुगलं हुतं?"

केरबाच्या छातीवरचा दगड हलला. एवढ्यात डॉक्टर म्हणाले, "जंताचं औषध पाजलंतंस न्हवं?"

औषध आणायचं ठरलं होतं. कोजागिरीच्या आदल्या दिवशीच ठरलं होतं. मग किटल्या, रांग, गडबड, आणि ते राहिलं होतं.  डॉक्टरांनी हात बाहेर काढला, केरबाकडे बघितलं आणि पुन्हा बैलाकडे वळले. एका गुन्ह्यातून माणूस निर्दोष सुटावा आणि कोर्टाच्या पायरीवरच दुसऱ्या गुन्ह्यात धरला जावा, तशी त्याची गत झाली.

मंगळवारी तो पडक्या आवाजात म्हणाला, "म्याडम, तुमचं ऐकून विचारलं. आता पहिल्यापेक्षा जास्त झालं."

खाली त्या दिवशी हळद कुटत होते.  विद्याश्री म्हणाली, "मामा, हे खरं हाय. औषध ऱ्हायलं, ही चूक झाली. सड काढला, ती पण चूक झाली. ह्या दोन तुमच्या. त्या घ्या. त्या मी काढून घेणार न्हाय, आणि कुणाला काढू पण देऊ नका."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं आत्तीचं. खुनी, नालायक, हातात किडं पडू देत, हे सगळं तिचं. केलेली गोष्ट चूक असती. तुम्ही अख्खे चूक न्हाय. वाईट वाटू द्या की. वाईट वाटतंय तोपर्यंत हात नीट चालतोय का, तेवढं बघा."

ती त्याला धार काढताना करायचा एक अभ्यास सांगू लागली. अंगठ्याखाली सड किती गरम लागतो ते बघायचं. पहिली धार चरवीच्या तळाला लागते तिचा आवाज ऐकायचा, मग फेसात शिरते तेव्हाचा. म्हशीचा श्वास, आपला श्वास. मन कोजागिरीला गेलं की गेलं म्हणायचं आणि अंगठ्याशी परत यायचं.

"हे तर मी जन्मभर करतोय," केरबा म्हणाला.

"हात करतोय. तुम्ही तिथं नसता."

 जिना उतरताना केरबा आपल्या अंगठ्याकडे असा बघत होता, की जणू तो कुणी परका माणूस आहे आणि ओळख करून घ्यायची राहिली आहे.

त्यानं गावातल्या सगळ्या रेडकांना जंताचं औषध पाजायचा सपाटा लावला. लोकांच्या गोठ्यात शिरून, "पाजलंय का रे?" असं दरडावून विचारायचा. एका म्हाताऱ्यानं तर त्याला घाबरून रेडकाबरोबर स्वतःही पाजून घेतलं, अशी उदयसिंहनं आवई उठवली. पण विद्याश्रीनं आणखी एक गोष्ट सुचवली होती, ती त्याला सर्वांत अवघड वाटत होती. जे मनात उगाळतोय ते एकदा मोठ्यानं, ज्याला सांगायचं त्याला सांगून टाकायचं. आणि ते सांगायचं होतं विश्वजितला.

विश्वजित पौषातल्या एका थंड संध्याकाळी कट्ट्यावर आला, मफलर गुंडाळून, पेला घेऊन. केरबानं त्याला बाजूला ओढलं. बाजूला म्हणजे दोन म्हशींच्या मध्ये. कट्ट्यावर एवढंच खासगी मिळतं. फुलं विकून घरी निघालेली चिमणाबाई तिथंच दूध पीत होती, ती आणखी जवळ सरकली.

"कोजागिरीला तुला दूध दिलतं," केरबा म्हणाला. "ते रेडकाच्या वाटणीचं हुतं."

"बरं मग?"

"रेडकू गेलं नंतर. जंतानं गेलं. पण त्या दिवशी ते उपाशी ऱ्हायलं. मी तुला न्हाय म्हणायला पायजे हुतं. म्हटलं न्हाय. एवढंच सांगायचं हुतं."

चिमणाबाई पेल्यातून तोंड काढून म्हणाली, "एवढ्यासाठी दोन-तीन महिने शिव्या देतोयस व्हय? मला वाटलं बायकोनं हाकललं."

विश्वजित मफलर सोडून पुन्हा गुंडाळू लागला.  "केरबा, आता तू सांगितलंस तर मीपण सांगतो," तो म्हणाला. "ते दूध कुणी प्यायलंच न्हाय. पावणं बोलत बसलं, आमी बोलत बसलो, आणि ते शेगडीवर सगळं उतू गेलं. पातेलं करपलं. टाकून दिलं."

केरबा म्हशींच्या मध्ये उभा राहिला. त्याच्या डोक्यात आत्ती अशी उठली की तिच्या मांडीवरच्या शेंगा रस्ताभर सांडल्या. ऐकलंस? रेडकाच्या तोंडचं काढलंस आणि शेगडीत ओतलंस. बोल आता. बोल की, खुन्या.

आत्ती आली, केरबा मनात म्हणाला. बसा.

ती बसली नाही. पण तो बसला. हरणीच्या पोटाशी चरवी घेऊन बसला आणि तिच्या कुशीला कपाळ टेकलं. ये बाई, तो म्हणाला. मग अगदी हळू, शेजारच्या उदयसिंहलाही ऐकू जाणार नाही असं, ये बाबा. उभा ऱ्हा. झालं ते झालंच हाय. हो, हो. अंगठ्याखाली सड गार होता. तो गार आहे एवढंच त्यानं बघितलं. डोळ्यांपुढं ते गेलेलं रेडकू मान वर करून बघत होतं, तेही त्यानं बघितलं आणि परत अंगठ्याशी आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. डोळ्यांतून पाणी हरणीच्या अंगावर गळत होतं, त्याला त्यानं अडवलं नाही. भोवती बघे जमले. कोल्हापुरात इतके लोक एका जागी जमून गप्प बसल्याचा हा दाखला विरळाच.

मग सड गरम झाला. हरणीनं लांब श्वास सोडला आणि पहिली धार चरवीच्या तळाला लागली.

तीन सड काढून केरबा थांबला. सवयीनं थांबला. मग चौथा वेगळ्या तांब्यात काढला, कारण तो भरलेला ठेवला तर कास सुजते, आणि तो तांब्या नेऊन उदयसिंहच्या रेडकाला पाजला. दुसऱ्या दिवशीही पाजला. रोजच पाजू लागला. चौथ्या की पाचव्या दिवशी उदयसिंह तणतणत आला. "माझ्या रेडकाला हगवण लागली तुझ्या दुधानं. त्याला त्याची आय हाय. तुझं पाप फेडायला माझंच रेडकू सापडलं व्हय तुला?" त्या रात्री केरबाला जेवण गेलं नाही. आत्ती आली, तिच्याशी तो भांडला नाही. सकाळी उठून हगवणीचं औषध पोचवलं, आणि त्या दिवसापासून चौथ्या सडाचं दूध आक्काताई चहाला ठेवू लागली. तो चहा केरबा पीत नसे.

मंगळवारी विद्याश्रीनं विचारलं, "आता कसं हाय?"

"वाईट वाटतंय," केरबा म्हणाला. "पण धार निघती."

"शिव्या?"

"उदयसिंहला देतोय."

विद्याश्रीनं हे प्रगती म्हणून धरलं. गिऱ्हाइकं हळूहळू परत येऊ लागली. खुंटीवरचं दावं केरबानं स्वतः काढलं, धुतलं, उन्हात वाळवलं आणि माळ्यावर ठेवलं.

होळीच्या आधीच हरणी आटली. रेडकू गेलेल्या म्हशी लवकर आटतात, असं डॉक्टर प्रभुलिंग म्हणाले. कट्ट्यावरच्या पोवारांच्या जागेवर आता उदयसिंहची दुसरी म्हैस उभी असते.